घोडं पेंड खातं ते दहाव्या भागानंतर

गेल्या तीन-चार वर्षांतल्या कोरियन, चिनी, जपानी आणि थाई प्रेममालिकांविषयी लिहायचं तर आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. सुरुवात कशी करायची हे या मंडळींना पक्कं ठाऊक आहे. पहिले दोन भाग बघून मत बनवलं तर जवळजवळ प्रत्येक मालिका उत्कृष्ट वाटेल. खरा कस लागतो तो दोघांनी प्रेमाची कबुली दिल्यानंतर. सोळा भागांच्या कोरियन मालिकेत ही कबुली साधारण आठव्या ते दहाव्या भागात होऊन जाते आणि तरी तासाभराहून मोठे सहा भाग शिल्लक राहतात. या सहा-सात तासांत त्या दोघांना अडवून कशाने धरायचं? लेखकाकडे या प्रश्नाचं उत्तर पहिल्या भागापासून असेल तर मालिका तरते. नसेल तर अपघात, आजार, स्मृतिभ्रंश, अपहरण आणि 'तुझ्या भल्यासाठीच तुला सोडतोय' हे सगळं रांगेने येतं. म्हणून इथे प्रत्येक मालिकेला एकच प्रश्न विचारलाय: अडसर कुठून आला? माणसांच्या स्वभावातून, की बाहेरून आणून ठेवलेला? (पुढे बरेच शेवट उघड केले आहेत. बघायच्या असतील तर तेवढं जपून वाचा.)

'क्वीन ऑफ टियर्स' (२०२४) या कसोटीवर अर्धी पास होते, आणि ती अर्धी म्हणजे पहिली अर्धी. पार्क जी-उन यांच्या पटकथेची कल्पनाच धाडसी आहे. इतर मालिका जिथे संपतात तिथून ही सुरू होते, म्हणजे लग्नाला तीन वर्षं झाल्यावर. ह्यून-वू खेड्यातून आलेला वकील, हे-इन बड्या उद्योगसमूहाची वारस. तो घटस्फोट मागायला तिच्यासमोर जातो आणि त्याने तोंड उघडायच्या आत ती सांगते, माझ्याकडे तीनच महिने आहेत. त्या क्षणी ह्यून-वू झालेल्या किम सू-ह्यूनच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसते आणि मग त्या सुटकेची लाज. दोन भाव एका पाठोपाठ, मध्ये एकही वाक्य नाही. इतका प्रामाणिक आणि कुरूप क्षण प्रेममालिकेत क्वचित बघायला मिळतो. आठव्या भागापर्यंतचा अडसरही अस्सल आहे. या दोघांनी बाळ गमावलंय आणि त्याविषयी ती कधी एकमेकांशी बोललेलीच नाहीत. संसार तिथेच थिजलाय.

पुढे लेखिकेने हा धागा सोडून कंपनी बळकावण्याचं कारस्थान हाती घेतलं. शस्त्रक्रियेनंतर स्मृती जाते, शेवटी अपहरण होतं, बंदुकीची गोळीही सुटते. दु:ख याचं की स्मृती जाण्याचा प्रसंग या मालिकेच्या मूळ प्रश्नाला फार जवळचा होता. नवऱ्याने केलेला अन्यायही बायको विसरली आणि प्रेमही विसरली, तर तो काय करेल? यावर तीन भाग लिहिता आले असते. प्रत्यक्षात खलनायक मध्ये घुसतो आणि स्मृती हा त्याच्या हातचा डाव होऊन बसतो. शेवटच्या भागाला कोरियात २४.८५ टक्के रेटिंग मिळालं, टीव्हीएन वाहिनीवर तोवर कुठल्याच मालिकेला मिळालं नव्हतं इतकं. लोकांनी बघितली यात शंका नाही, पण ती किम जी-वॉन आणि किम सू-ह्यूनसाठी. बघायचीच असेल तर बारावा ते पंधरावा भाग दीडपट वेगाने बघा. कारस्थानाचे प्रसंग निसटले तरी बिघडत नाही. योंगदू-रीच्या, म्हणजे ह्यून-वूच्या खेड्यातल्या घरातले, सासर-माहेर एका ताटात जेवतं ते प्रसंग मात्र घाई न करता बघा.

त्याच वर्षीची 'लव्हली रनर' रेटिंगच्या हिशेबात क्वीनच्या आसपासही नव्हती, पण रचनेत तिच्या पुढे आहे. कालप्रवासाची गोष्ट नियमांवर उभी राहते आणि इथे नियम लवकर सांगून टाकले आहेत. सन-जे हा लोकप्रिय गायक. तो मरतो तेव्हा त्याची चाहती सोल त्याच्या घड्याळाच्या आधारे २००८ मध्ये पोहोचते. हे फक्त तीनदा होणार. आणि भविष्याविषयी ती काही सांगायला गेली की काळच थांबतो, शब्द बाहेर पडत नाहीत. दुसऱ्या नियमात अख्ख्या मालिकेचं गमक आहे. इथे अडसर हा की खरं सांगायची तिला मुभाच नाही. त्यामुळे तिचं प्रत्येक वागणं त्याला विचित्र वाटतं आणि प्रेक्षकाला कळतं.

दुसऱ्या भागाच्या शेवटी जे होतं ते पटकथा शिकणाऱ्याने पुन:पुन्हा बघावं असं आहे. तोवर आपण तिच्या बाजूने बघत असतो: ती चाहती, तो तारा, ती त्याला वाचवणार. मग तोच काळ त्याच्या डोळ्यांनी दिसतो. पाऊस, फाटकातून धावत आलेली मुलगी, तिने त्याच्या डोक्यावर धरलेली पिवळी छत्री. प्रेमात आधी पडला तो, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. नवं पात्र नाही, नवी घटना नाही, फक्त बघणारा बदलला. सन-जे झालेला ब्योन वू-सोक त्या प्रसंगात जवळजवळ काहीच करत नाही, नुसता बघत राहतो, आणि तेवढं पुरतं.

कच्चा दुवा एकच, तो खुनी टॅक्सीचालक. तो का मागे लागलाय हे मालिका धड सांगत नाही, आणि दर फेरीत संकट त्याच्याकडूनच येत असल्याने तिसऱ्या फेरीत भीती उरत नाही. तरी तिसऱ्या फेरीत सोल सन-जेला भेटायचंच नाही असं ठरवते, तेव्हा 'तुझ्या भल्यासाठी' हा घासून गुळगुळीत झालेला प्रकारही पटतो. तिने दोनदा वेगळं करून बघितलंय, दोन्हीदा हरलीये. त्यागाला आधी असा पुरावा लागतो.

पुराव्याशिवायचा त्याग कसा दिसतो ते 'व्हेन द फोन रिंग्ज'च्या (२०२४-२५, १२ भाग) शेवटात बघा. सुरुवात किती छान: राष्ट्राध्यक्षांचा प्रवक्ता असलेला नवरा, न बोलणारी सांकेतिक भाषेची दुभाषी बायको, आणि ती अपहरणकर्त्याचा फोन वापरून, आवाज बदलून त्यालाच धमक्या देते. घरात मुकी, फोनवर वाघीण. नवरा-बायको पहिल्यांदा मोकळेपणाने बोलतात ते अनोळखी बनून, ही कल्पना सोन्यासारखी आहे. पण गुपित फुटल्यावर लेखनात दम राहत नाही. शेवटच्या भागात नायक न सांगता नाहीसा होतो आणि गोष्ट अर्गान नावाच्या काल्पनिक देशातल्या युद्धात जाऊन पडते. खऱ्या युद्धातल्या माणसांचं दु:ख एका जोडप्याच्या पुनर्भेटीसाठी पडद्यासारखं मागे लावलंय. त्यावर बरीच टीका झाली आणि ती योग्यच होती.

चिनी मालिकांचं गणित निराळं. भाग ४५ मिनिटांचे, पण संख्या पंचवीस ते चाळीस. म्हणजे 'द फर्स्ट फ्रॉस्ट'चे (२०२५) ३२ भाग धरले तर जवळपास चोवीस तास. एवढ्या लांबीत घटना कमी असतात आणि सवयी जास्त दाखवल्या जातात: कोण कुठल्या बाजूला झोपतं, दिवा कोण मालवतं, फ्रीजमधलं दूध कुणी संपवलं. ज्यांना स्लो बर्न, म्हणजे मंद आचेवर शिजणारं प्रेम, मानवत नाही त्यांनी इकडे वळूच नये. ज्यांना मानवतो त्यांना सांग यान आणि वेन यिफान यांच्या घरापेक्षा चांगली जागा सापडणार नाही. दोघं शाळेतली, मध्ये कित्येक वर्षं तुटलेली, आता एका फ्लॅटमध्ये भाडेकरू. ती झोपेत चालते, त्याच्यापाशी येते, सकाळी तिला काही आठवत नाही. जागेपणी जे बोलायची हिंमत नाही ते शरीर झोपेत करतं. अडसर पूर्णपणे तिच्या गप्प राहण्यात आहे. नातेवाइकांच्या घरी तिच्यावर काय गुदरलं आणि घरच्यांनी तिच्यावर विश्वास कसा ठेवला नाही, हे हळूहळू उलगडतं तेव्हा आधीचा तिचा प्रत्येक थंड शब्द वेगळा ऐकू येतो. सांग यान झालेला बाय जिंगटिंग टोमणे मारत मारत काळजी घेणारा माणूस फार नेमका करतो. पहिले सात-आठ भाग मात्र खरंच ओढलेले आहेत. तिथे सोडून दिलेले बरेच जण आहेत आणि त्यांना दोष देता येत नाही.

हिच्या आधीची 'हिडन लव्ह' (२०२३, २५ भाग) याच सांग यानच्या धाकट्या बहिणीची गोष्ट. भावाच्या मित्रावर शाळकरी वयातच जीव जडलेली सांग झी, आणि तिच्याहून पाच वर्षांनी मोठा दुआन जिआशु. विषय निसरडा होता. लेखनाने तो सांभाळला, कारण ती लहान आहे तोवर प्रेम फक्त तिच्या बाजूला आहे, त्याच्या नजरेत ती मित्राची बहीणच राहते. नातं सुरू होतं ते ती विद्यापीठात गेल्यावर. त्याचा अडसर वडिलांनी केलेला अपघात आणि त्यातून आलेलं ओझं. हे चांगलं, पण त्या अपघातात बळी गेलेल्याच्या कुटुंबातली मुलगी त्याचा पाठलाग करत राहते ते प्रसंग एकसुरी आहेत.

जपानी मालिकांना लांबीचा मोहच नाही, आणि म्हणून स्मृतिभ्रंशासारखा झिजलेला प्रकारही त्यांच्या हातात नवा होतो. 'फर्स्ट लव्ह'चे (२०२२) भाग फक्त नऊ. उताडा हिकारू यांच्या दोन गाण्यांवरून सुचलेली गोष्ट, होक्काइडोतली. याए टॅक्सी चालवते, हारुमिची आता सुरक्षारक्षक, एकेकाळचा वैमानिक. अपघाताने तिची आठवण गेली हे शेवटी काढलेलं पान नाही, सगळी इमारतच त्यावर बांधली आहे. प्रेक्षकाला भूतकाळ ठाऊक, त्याला ठाऊक, फक्त तिला नाही. म्हणून ती सहज हसते तेव्हाही गलबलून येतं. क्वीनमध्ये जो पत्ता सोळा भागांच्या शेवटाकडे फेकला, तोच इथे पायाभरणीत घातलाय. फरक एवढाच आणि तो फार मोठा.

पण या सगळ्यांत काटेकोर लेखन कुठलं असं विचारलं तर 'सायलेंट' (२०२२, ११ भाग). मिकू उबुकाता यांची ही पहिली मालिका. शाळेतलं प्रेम, मुलाने कारण न सांगता मोडलेलं, आठ वर्षांनी स्टेशनवर दिसलेला तोच सो, आता बहिरा झालेला. पहिल्या भागाच्या शेवटी त्सुमुगी आनंदाने बोलत सुटते आणि तो तिच्यासमोर वेगाने हातवारे करू लागतो. रागाने, रडत. तिला त्यातलं काहीही कळत नाही. तिचा आवाज त्याला येत नाही, त्याची भाषा तिला येत नाही, दोघंही त्याच क्षणी सगळं खरं बोलताहेत. यापेक्षा नेमका अडसर कुठला? आणि तो दूर करायचा उपाय कष्टाचा आहे: ती सांकेतिक भाषा शिकते, एकेक शब्द, चुका करत. तिसरा माणूस मिनातो, तिचा आताचा जोडीदार आणि सोचा जुना मित्र, खलनायक नाही. तो बाजूला होतो त्याचंही दु:ख मालिका पूर्ण वेळ देऊन दाखवते. हातवाऱ्यांचे संवाद असल्याने फोन बघत बघत ही मालिका बघताच येत नाही. नजर हलली की वाक्य गेलं.

थाई मालिकांवर थोडक्यात. 'गॅप'ने (२०२२, १२ भाग) तिथल्या दोन स्त्रियांच्या प्रेमकथांना वाट करून दिली. अडसर होता आजीचा, म्हणजे घराण्याच्या प्रतिष्ठेचा. २३ जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये समलिंगी विवाह कायदेशीर झाला आहे. 'समाज काय म्हणेल' हा एकच खिळा किती दिवस ठोकणार हा प्रश्न तिथल्या लेखकांपुढे आता खरा आहे. अभिनेत्रींमध्ये जीव आहे, पटकथांना अजून वेळ लागेल.

'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स' (२०२५) शेवटी घेतली, कारण ती वरची कसोटीच मोडते. लिम सांग-चून यांनी आएसून आणि ग्वान-सिक यांच्यामध्ये अडसर ठेवलाच नाही. तो तिच्यावर लहानपणापासून प्रेम करतो, करतच राहतो. अडवतात ती गरिबी, समुद्र, सासर, मुलाचा मृत्यू. कोरियातल्या जेजू बेटावर एकत्र कुटुंबात पुरुषांचं ताट वेगळं, बायकांचं वेगळं. एका जेवणात ग्वान-सिक काही न बोलता बसल्या जागी वळतो आणि बायको-मुलीच्या ताटाकडे तोंड करून जेवायला लागतो. भाषण नाही, भांडण नाही. पाठ कुणाकडे आणि तोंड कुणाकडे, एवढ्यात बंड झालं. सोळा भाग चार आठवड्यांत चार-चार करून आले होते, आणि तसेच चार बैठकांत बघावेत. सलग बघितले तर दु:खांची गर्दी होते. तरुणपणची आएसून आणि तिची मुलगी, दोन्ही आययू ही एकच अभिनेत्री करते, त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत काळ कुठला हे कपड्यांवरून ओळखावं लागतं.

सबटायटल्सविषयी एक सांगणं गरजेचं आहे. या भाषांमध्ये जवळीक वाढते ती हाक बदलून. कोरियनमध्ये आदराची क्रियापदं गळून पडतात. 'हिडन लव्ह'मध्ये 'गग', म्हणजे दादा, ही हाक कधी लहान मुलीची असते आणि कधी प्रेयसीची, यावर अख्खे प्रसंग उभे आहेत. इंग्रजी सबटायटलमध्ये त्या जागी नुसतं नाव येतं आणि प्रसंग बोथट होतो. 'तुम्ही'वरून 'तू'वर येताना काय होतं हे आपल्याला कुणी समजावायला नको, म्हणून डबिंग न लावता मूळ आवाज ठेवा आणि कान हाकेकडे ठेवा. टँजरीन्सचं मूळ नावच जेजूच्या बोलीत आहे, 'पोकसाक सोगात्सुदा'. अर्थ साधारण 'फार कष्ट केलेत हो'. संत्र्यांच्या इंग्रजी नावात तो सापडत नाही.