वाकड्या टोकाची सिरिंज : खालची दाढ काढली असेल तरच घ्या

खालची दाढ, विशेषतः अक्कलदाढ, काढली की मागे राहिलेला खड्डा हिरडीने झाकला जायला तीन-चार आठवडे सहज लागतात. तोवर दर जेवणानंतर त्यात अन्नाचे कण जाऊन बसतात. गुळण्यांनी वरवरचे निघतात. तळाचे तिथेच कुजतात आणि तोंडाला वास येऊ लागतो. त्या तळापर्यंत पाणी पोचवण्यासाठी ही प्लॅस्टिकची सिरिंज आहे. साधारण 10-12 मिली मावणारी, बिनसुईची, निमुळत्या वाकड्या टोकाची. वरच्या दाढेच्या खड्ड्याचं तोंड खाली असतं, तिथे फारसं काही साचत नाही. त्यासाठी ही विकत घेऊ नका.

घेतलीत तरी लगेच वापरायची नाही, आणि नेमकी इथेच लोकांची चूक होते. दाढ काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. खालचं हाड आणि नसा तिनेच झाकलेल्या असतात. पहिले 24 तास तर चूळही भरायची नसते. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवा, घोट तोंडात घेऊन डोकं हळूच इकडेतिकडे कलवा आणि पाणी न थुंकता बेसिनमध्ये ओघळू द्या. सिरिंजची पाळी साधारण पाचव्या ते सातव्या दिवसानंतर येते, तीही तुमच्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. तिसऱ्याच दिवशी धार मारली तर गुठळी निसटू शकते. मग हाड उघडं पडतं, उतरत आलेलं दुखणं उलट वाढतं, कानापर्यंत कळ जाते. हेच ड्राय सॉकेट. त्यावर घरी इलाज नाही, दवाखानाच गाठावा लागतो.

वस्तू म्हणून सिरिंज चांगली आहे. वाकड्या टोकामुळे गाल फार न ताणता शेवटच्या दाढेपर्यंत हात पोचतो. खोट आहे ती दट्ट्याच्या रबरात. कोरडं असलं की ते अडकतं, आपण अंगठ्याने जोर लावतो, ते एकदम सुटतं आणि सगळं पाणी एका झटक्यात खड्ड्यात आदळतं. म्हणून आधी साध्या पाण्याने दट्ट्या पाच-सहा वेळा वरखाली करा आणि पहिली धार बेसिनमध्ये सोडून बघा. टोकावरून बोटही फिरवा. प्लॅस्टिकची कड खरखरीत लागली तर ती सिरिंज बदला, ओल्या हिरडीला ती कापते.

मग मिठाचं कोमट पाणी भरा, हवा काढा, बेसिनवर पुढे वाका. टोक खड्ड्याच्या काठाशी धरा, आत खुपसू नका. दट्ट्या सावकाश दाबा. परत येणाऱ्या पाण्यात कण दिसतील. पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा भरा, बहुधा दोन-तीन सिरिंजांत काम होतं. किंचित गुलाबी पाणी आलं तर घाबरू नका, लालभडक रक्त आलं तर थांबा. तळाशी चिकटलेला पांढरट-पिवळा थर बहुतेक वेळा पू नसतो, भरून येणारी जखम तशीच दिसते. तो खरवडून काढायच्या मागे लागू नका. दर जेवणानंतर एकदा आणि झोपण्यापूर्वी एकदा, एवढं पुरे.

पाण्याच्या दाबाने दात साफ करणारं यंत्र घरात असलं तरी ते सिरिंजऐवजी वापरू नका. ताज्या खड्ड्याला त्याचा दाब फार होतो, इथे अंगठ्याखालचा ताबाच कामाचा.

वापर झाला की दट्ट्या पूर्ण बाहेर ओढून दोन्ही भाग धुवा आणि वेगवेगळे वाळवा. जोडून ठेवली तर आत पाणी राहतं. खड्डा उथळ होऊन नुसत्या चुळीने साफ व्हायला लागला की सिरिंज टाकून द्या.