एकच रविवार आहे, चोडण बेट की धूपदाळ?

डिसेंबर लागला की बेळगावात टिळकवाडीत आमच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी हे काढतंच. सुट्टी एकच, पक्षी बघायला गोव्यात चोडणला जायचं की इथल्या इथं धूपदाळला? मी दोन्हीकडं तीन-चार हिवाळे फिरलोय, त्यामुळं आता कुणी विचारलं की मीच उलटं विचारतो, त्या दिवशी तिथी कुठली हाय? माणूस माझ्याकडं बघतच राहतो, ह्याला पक्षी बघायचेत की मुहूर्त काढायचाय. त्याचं पुढं सांगतो.

चोडण म्हणजे मांडवी नदीतलं बेट. समुद्र जवळ, त्यामुळं पाणी खारट, आणि बेटाच्या पश्चिम टोकाला खारफुटीचं दाट रान, तेच सलीम अली पक्षी अभयारण्य, १९८८ सालचं. लहानच आहे, १७८ हेक्टर. धूपदाळ म्हणजे घटप्रभेवरचा १८९७ चा बंधारा, त्याच्या मागं अडलेलं पाणी, मधे मधे मातीची बेटं, आणि १९७४ पासून ते घटप्रभा पक्षी अभयारण्य. एक खारं, एक गोडं, म्हणजे पक्षी जवळजवळ सगळे वेगळे. "दोन्हीकडं बगळेच की" असं म्हणणाऱ्याला घरीच ठेवा.

जायचं म्हटलं तर धूपदाळ सोपं. साठ-पासष्ट किलोमीटर, गाडी नसेल तर मिरजेकडं जाणारी पॅसेंजर पकडून घटप्रभा स्टेशनला उतरायचं आणि पुढं रिक्षा. फक्त ह्या दिवसात ऊसाचा सीझन, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, डेकवर गाणी फुल्ल, मागं लाईट नाही, अंधारात बाईकनं जाणार असाल तर जपून. येताना गोकाकचा करदंट घ्यायचा, हे काही सांगायला लागत नाही. चोडणला जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी असं तीन तास तरी धरा, म्हणजे पहाटे चारला घर सोडायचं आणि घाटात धुकं. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, पणजीजवळच्या रायबंदरला जाऊन फेरीच पकडली पाहिजे असं काही नाही, डिचोलीवरनं मयेकडनं पुलानं थेट बेटावर उतरता येतंय. फेरीची मजा पाहिजे तर येताना घ्या.

आता खरा फरक. धूपदाळला पक्षी भरपूर खरं लांब, चोडणला कमी खरं अगदी पुढ्यात. धूपदाळला जानेवारीत पट्टकादंब येतात, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले ते राखी हंस, मंगोलिया-तिबेटकडनं हिमालय ओलांडून, आणि त्यांच्या पाठीला ट्रान्समीटर लावून मोजलंय, सात हजार मीटरच्या वरनं उडालेले सापडलेत. मध्य आशियातले करकोचे येतात, पांढरे स्टॉर्क येतात. सगळं खरं आहे, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला हे सगळं पाण्याच्या पलीकडं राखी ठिपक्यांची ओळ म्हणून दिसतं. आठ पटीच्या दुर्बिणीनं भागत नाही, कुणाकडं स्टँडवरची स्पॉटिंग स्कोप असेल तर त्याला मस्का लावून घेऊन जावा. दहानंतर ऊन तापलं की पाण्यावर हवा थरथरायला लागते, मग स्कोपमधनं पण हंस आणि दगड सारखेच. आणि हंस रात्री-पहाटे शेतात चरून दिवसा पाण्यात डुलक्या काढतात, त्यामुळं नऊला निवांत पोचून काय मिळणार? मी एकदा साडेसहाला पोचलो होतो, थंडीनं बोटं वळत नव्हती, आणि हरभऱ्याच्या रानातनं अख्खा थवा ओरडत डोक्यावरनं पाण्याकडं गेला, आवाज आधी, पक्षी नंतर. ते मात्र दुर्बीण न लावता दिसलं.

चोडणला होडीत बसून खारफुटीच्या चिंचोळ्या खाडीत शिरलं की दहा-पंधरा फुटांवर खंड्या. आपल्या किल्ला तलावावर दिसतो तोच नव्हे, पांढऱ्या कॉलरचा, काळ्या टोपीचा, मोठ्या चोचीचा, नशीब असलं तर एका फेरीत तिन्ही. मागच्या वेळी काळ्या टोपीवाल्यानं एक खेकडा धरला आणि फांदीवर आपटायला सुरुवात केली, एक नांगी तुटून आमच्या होडीजवळ पाण्यात पडली, टप्प, एवढं जवळ. पोरगं सोबत होतं, ते तेवढंच आठवतंय अजून. चिखलावर निवट्या, म्हणजे चिखलातले ते छोटे मासे, उड्या मारत असतात, एकच नांगी मोठी असलेले खेकडे ती हलवत बसलेले, वरती ब्राह्मणी घार. म्हणजे पक्षी नाही दिसला तरी बघायला काहीतरी चाललेलंच असतंय, धूपदाळला तसं नाही.

खरं चोडणला वेळ आपली नसते, पाण्याची असते, आणि इथंच ती तिथी येते. मी पहिल्यांदा गेलो ती पौर्णिमा होती, सकाळी सातला पोचलो तर खाडीत पाणीच नाही, होडी चिखलात तिरकी पडलेली, होडीवाला बिडी ओढत "उदक ना" म्हणाला आणि विषय संपला. चारला उठून तीन तास घाट उतरून काय केलं, तर साडेदहापर्यंत भजीपाव खात बसलो. कोकणातला साधा हिशोब आहे, तिथीला तीननं गुणा, चारनं भागा, येईल ती साधारण भरतीची वेळ, अर्धा-पाऊण तास इकडं-तिकडं. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. म्हणून सातला चिखल. दशमीला तीस भागिले चार, साडेसात, म्हणजे पोचल्या पोचल्या होडी, आणि दहा-अकराला पाणी उतरून चिखल उघडा पडला की तुतवार, लाल पायाचे टिलवे, लांब वाकड्या चोचीचे कुरल सगळे खायला उतरतात, ते काठावरनं बघायचे. नवमी-दशमीचा रविवार मिळाला तर दुसरा विचारच करू नका. शुक्ल असो वद्य असो, हिशोब तोच. मोबाईलवर पणजीची भरती बघून पक्कं करा, आणि होडीचं भाडं बसायच्या आधी ठरवा.

कारवारचं पण कोणतरी काढतंच. काळी नदीच्या मुखाजवळ, कुर्मगड बेटाकडं पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड दिसतो, तो एकदा बघितला की घार घारच वाटत नाही. खरं एका दिवसात जाऊन-येऊन कंबर मोडते, मुक्काम असेल तरच.

रविवार पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास पडला आणि लवकर उठायची तयारी असली तर माझं मत धूपदाळ. पोरं बरोबर असतील, दुर्बीण एकच आणि ती पण उसनी, तर चोडण, फक्त तिथी बघून. नेमका वेडावाकडा रविवार आणि पोरं पण हट्टाला पेटलेली, तर चोडणलाच जावा खरं दहाला पोचा, सकाळी आरामात निघा, उगंच पहाटेचा शहाणपणा करू नका. आणि आई-वडील असतील तर होडीत चढता-उतरताना चिखलाच्या पायरीवर हात द्यायला एक माणूस पुढं, एक मागं. आमच्या आईची चप्पल अजून तिथंच कुठंतरी रुतलेली आहे.