सोलापूर, पुणे की मुंबई? गोव्यातून निघताना फ्लाय ९१ आणि इंडिगो यांतली निवड

माझी आई डिचोलीला, मावशी सोलापूरला. वर्षानुवर्षं दोघींची भेट फक्त लग्नकार्यात व्हायची, कारण मध्ये घाट, कोल्हापूर, सांगली आणि रात्रभराची बस. ९ जून २०२५ ला गोवा–सोलापूर विमान सुरू झालं आणि त्याच महिन्यात आई पहिल्यांदा बहिणीच्या घरी नुसती गप्पा मारायला गेली. तेव्हापासून नात्यातलं कुणी ना कुणी फोन करून मला एकच विचारतं: फ्लाय ९१ ने जाऊ की इंडिगोने?

अर्धं उत्तर कुठे जायचंय यावर ठरतं. उरलेलं अर्धं या प्रश्नावर: हे विमान उडालं नाही, तर पुढचं कधी? भाडं त्यानंतर बघा.

फ्लाय ९१ चं मुख्यालय गोव्यात आहे. पूर्वी किंगफिशरमध्ये काम केलेले मनोज चाको तिचे प्रमुख. १८ मार्च २०२४ ला उत्तर गोव्यातल्या मोपा या नव्या विमानतळावरून तिची नियमित वाहतूक सुरू झाली. नावातले ९१ म्हणजे आपल्या फोन नंबराआधी लागणारा देशाचा आकडा. तिकिटावर उड्डाणाच्या क्रमांकाआधी ‘आयसी’ दिसेल. ज्यांनी जुन्या इंडियन एअरलाइन्सने प्रवास केलाय त्यांना ही अक्षरं लगेच ओळखू येतील. माझ्या वडिलांना आली.

गोव्यात मुख्यालय असलेली विमान कंपनी याआधीही होती. पोर्तुगीज सरकारने १९५५ मध्ये, भारताने आर्थिक नाकेबंदी केलेली असताना, दाबोळी या गोव्यातल्या जुन्या विमानतळावरून दमण, दीव आणि कराचीला जोडणारी सेवा काढली. पुढे तिची विमानं लिस्बनपर्यंत गेली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि ती कंपनी संपली. त्या कंपनीने गोव्याला आजूबाजूच्या मुलखापासून तोडून समुद्रापार नेऊन बांधलं होतं. आताची कंपनी गोव्याला सोलापूर, जळगाव, पुण्याशी जोडते. मराठी माणूस म्हणून मला या गोष्टीचं अप्रूप आहे आणि ते मी लपवत नाही.

इंडिगो ४ ऑगस्ट २००६ ला दिल्लीहून गुवाहाटीमार्गे इंफाळला पहिल्यांदा उडाली. बरीच वर्षं एकाच जातीची विमानं, उतरलं की थोड्या वेळात परत उड्डाण, आणि गर्दीच्या मार्गावर दिवसातून अनेक फेऱ्या, असं तिचं गणित राहिलं. आज तिच्याकडे चारशेहून जास्त विमानं आहेत. फ्लाय ९१ ची विमानं हाताच्या बोटांवर मोजता येतात. पुढचं सगळं बोलणं या फरकातून निघतं.

पंख्याचं विमान

फ्लाय ९१ कडे एटीआर ७२–६०० ही विमानं आहेत. आपले लोक त्याला ‘पंख्याचं विमान’ म्हणतात आणि थोडे बिचकतात. बिचकायचं कारण नाही. पंखा फिरवणारं इंजिन जेटसारखंच टर्बाइनचं असतं, अशी दोन असतात, आणि एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर विमान सुखरूप उतरू शकतं. लहान शहरांसाठी इंडिगोनेही २०१७ च्या अखेरीपासून हीच विमानं घेतली आहेत.

एटीआरचा वेग ताशी साधारण ५०० किलोमीटर, जेटचा ८०० च्या आसपास. मोपा ते सोलापूर सरळ रेषेत जेमतेम ३०० किलोमीटर. एवढ्या अंतरात जेटने फार तर दहा-पंधरा मिनिटं वाचतील. इंधन मात्र एटीआरला बरंच कमी लागतं, आणि भरायच्या असतात सत्तरेक जागा. इंडिगोच्या एअरबसमध्ये १८० च्या वर. सोलापूरसाठी रोज गोव्यात तेवढी माणसं कुठून आणणार? म्हणून मोठं जेट तिथे जात नाही आणि छोटं पंख्याचं विमान जातं. त्यात उडान योजनेखाली ठरावीक मार्गांवर तोट्याचा काही भाग सरकार भरून देतं आणि काही जागांचं भाडं बांधून देतं.

सोलापूरच्या विमानतळाचं गाडं बरीच वर्षं अडलं होतं ते सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीपाशी. उतरण्याच्या मार्गात येते म्हणून जून २०२३ मध्ये ती पाडली. मावशीच्या गच्चीवरून ती चिमणी दिसायची. पाडल्याचं तिला तेव्हा वाईट वाटलं होतं. आता त्याच गच्चीवरून ती नातवाला विमान दाखवते.

प्रत्यक्ष प्रवासाचं सांगतो, कारण आईला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. एटीआरचं दार मागच्या बाजूला असतं आणि पायऱ्या त्या दारातच असतात. चार-सहा पायऱ्या, पण चढायच्या आपल्या पायांनी. गुडघे दुखणारं माणूस असेल तर तिकीट काढतानाच मदत मागून ठेवा. आत दोन-दोन आसनं, मधली जागा कुणालाच नाही. वरचे कप्पे लहान, चाकांची टणक बॅग तिथे मावत नाही. आईच्या पिशवीत खाजं आणि काजूगर होते, ती मऊ कापडी पिशवी अलगद बसली. पंखे विमानाच्या पुढच्या अर्ध्या भागात असतात, तिथे आवाज आणि थरथर जास्त. शेवटच्या रांगांत शांत वाटतं आणि उतरतानाही आपण पहिले. पंख वर असल्याने खिडकीतून खालचं सगळं दिसतं. मोपा सोडल्यावर सह्याद्रीची कड येते, हिरवं एकाएकी संपतं आणि तपकिरी रान सुरू होतं. जेट इतकं खालून जात नाही.

खालून जाण्याची दुसरी बाजूही आहे. पावसाळ्यात ढगांतून जाताना एटीआर जास्त हलतं. ज्यांना उलटीचा त्रास आहे त्यांनी जुलैत जेट असेल तिथे जेटच धरावं.

रद्द झालं तर

माझा जीव सगळ्यात जास्त अडकतो तो इथे. एकदा मुंबईला मामाच्या बाराव्याला निघालो होतो. भर पाऊस, विमानतळावर पोचल्यावर कळलं की आमचं विमान रद्द. त्याच दिवशी त्याच मार्गावर पुढच्या फेऱ्या होत्या, संध्याकाळच्या विमानात जागा मिळाली आणि रात्री का होईना, पोचलो. हेच सोलापूरच्या वाटेवर झालं असतं तर? तिथे रोज विमान नाही, आठवड्यातले ठरावीक दिवस आहेत. पुढचं विमान दोन दिवसांनी, किंवा मग तीच रात्रीची बस.

विमानं थोडी असली की एक दुरुस्तीला गेलं तरी वेळापत्रक कोलमडतं. यात कुणाचा हलगर्जीपणा असेलच असं नाही, ते आकडेमोडीतच आहे. पण मोठी कंपनी म्हणजे हमी, असंही समजू नका. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि देशभरचे विमानतळ माणसांनी भरले.

नियम दोघांनाही सारखेच आहेत. विमान रद्द झालं तर पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण पैसे, निवड तुमची. वेळेत कळवलं नसेल तर वर भरपाई: तासाभराच्या उड्डाणाला कमाल ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००. हवामान खराब असेल तर भरपाई नाही, पैसे परत मात्र मिळतात. काउंटरवर काही वेळा आधी पुढची तारीखच पुढे केली जाते. घाईत ‘चालेल’ म्हणू नका, आधी विचार करा.

छोट्या कंपनीबद्दल आणखी एक सांगितलं पाहिजे. जळगावकरांनी हे सोसलंय. २०१७ च्या डिसेंबरात एअर डेक्कनच्या नव्या अवताराने मुंबई–जळगाव सुरू केलं, ते टिकलं नाही. मग ट्रूजेट आली, तीही २०२२ मध्ये थांबली. गोव्याला भरपूर फेऱ्या असलेली गो फर्स्ट तर छोटी नव्हती, ती ३ मे २०२३ ला एका दिवसात जमिनीवर आली आणि आगाऊ तिकीटवाल्यांचे पैसे अडकले. फ्लाय ९१ टिकावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. तरीही लहान कंपनीचं तिकीट मी महिना-दीड महिन्याहून आधी काढत नाही.

दाबोळी की मोपा

फ्लाय ९१ फक्त मोपावरून. इंडिगो दोन्हीकडून. पेडणे, डिचोली, म्हापसा, सावंतवाडी, दोडामार्गवाल्यांना प्रश्नच नाही, मोपा दाराशी आहे. पणजीहून दोन्ही जवळपास सारखेच, तीस-पस्तीस किलोमीटर. मडगाव, केपे, काणकोणच्या माणसाला मात्र मोपा म्हणजे साठ किलोमीटरच्या पुढे आणि टॅक्सीचं भाडं कधी कधी विमानाच्या तिकिटाशी स्पर्धा करतं. कदंबची बस आहे, तिची वेळ जुळते का ते आधी पाहा. दाबोळी नौदलाचा तळ असल्याने तिथे नागरी विमानांना काही तास नौदलासाठी मोकळे ठेवावे लागतात. मोपाला ती अडचण नाही.

आता ठरवायचं. सोलापूर किंवा जळगावला जायचं असेल आणि तारीख एक-दोन दिवस मागेपुढे चालणार असेल, तर फ्लाय ९१. इंडिगोने मुंबई किंवा पुण्याला उतरून पुढे गाडी करण्यात दिवस जातो आणि पैसेही वाचत नाहीत. मुंबई, दिल्ली किंवा पुढे परदेशी विमान पकडायचं असेल तर इंडिगो, कारण फेऱ्या जास्त आणि सामान एकाच तिकिटावर पुढे जातं. वेगवेगळ्या कंपन्यांची दोन तिकिटं जोडून परदेशी विमान गाठायच्या फंदात पडू नका. पहिलं उशिरा आलं तर दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही देत नाही.

पुण्याला दोघीही जातात, तिथे खरी तुलना आहे. उत्तर गोव्यातून सुट्टीला निघालात तर जिची वेळ सोयीची ती घ्या. दक्षिण गोव्यातून दाबोळीचं इंडिगो बघा, किंवा वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस. ती दूधसागरवरून रात्रभरात पुण्याला सोडते. परीक्षा, मुलाखत, दवाखान्याची वेळ असेल तर कुठलीही कंपनी असो, आदल्या दिवशीचं विमान घ्या.

येत्या मार्गशीर्षात मावशीच्या नातीचं लग्न आहे, रविवारी. आईचं तिकीट आम्ही शुक्रवारचं बघतोय, मागच्या रांगेतलं, खिडकीपाशी. विमान झालंच नाही तर शनिवारच्या रात्रीच्या बसला वेळ उरतो.