पिकलबॉल कोर्टाचे वेळापत्रक: जवळपास वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

नागपुरातल्या आमच्या पिकलबॉल केंद्रात पावसामुळे रद्द झालेल्या स्लॉटांच्या (ठरावीक वेळेच्या बुकिंगच्या) बदल्यात माझ्या खात्यात जमा झालेले क्रेडिट गेल्या आठवड्यात मुदत संपली म्हणून अ‍ॅपमधून काढून टाकण्यात आले. त्यावरून काउंटरवर जे बोलणे झाले, त्यानंतर हा अनुभव सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटले. नियम असा आहे की, पावसामुळे खेळ झाला नाही तर पैसे परत मिळत नाहीत; तेवढ्याच वेळेचे क्रेडिट मिळते आणि ते १५ दिवसांत वापरावे लागते. हा नियम ज्याने केला, त्याने नागपूरचा पावसाळा विचारात घेतलेला नाही. येथे जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की उघड्यावरची कोर्टे सलग कित्येक दिवस ओली राहतात, छताखालची दोन कोर्टे आधीच भरलेली असतात, आणि ज्या काळात क्रेडिट वापरणे अशक्य असते त्याच काळात त्याची मुदत संपत जाते. काउंटरवरचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "काकू, सिस्टीममध्ये मुदत वाढवता येत नाही." व्यवस्थापकांकडे लेखी अर्ज दिला, तेव्हा त्यांनी सभासदत्वाच्या अटींकडे बोट दाखवले. रक्कम मोठी नाही, पण ती मी भरलेली आहे आणि तिच्या बदल्यात मला खेळायला मिळालेले नाही.

यावर उपाय अवघड नाही. पावसाळ्यातल्या क्रेडिटची मुदत सरसकट ३१ ऑक्टोबरपर्यंत ठेवली, तर केंद्राचे काही नुकसान होणार नाही, कारण पाऊस सरल्यावर सकाळच्या उशिराच्या वेळेत कोर्टे रिकामीच असतात. दुसरा उपायही मी अर्जात सुचवला होता. पिकलबॉलचे कोर्ट २० बाय ४४ फुटांचे, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढेच असते. १९६५ साली अमेरिकेतील बेनब्रिज बेटावर हा खेळ सुरू झाला तोच मुळी एका जुन्या बॅडमिंटन कोर्टावर. त्यामुळे पावसाळ्याचे तीन महिने जवळच्या एखाद्या बॅडमिंटन हॉलशी सकाळच्या काही तासांपुरता करार करून, सुटी जाळी लावून सभासदांची सोय करता येईल. या सूचनेला अद्याप उत्तर आलेले नाही. म्हणून वार्षिक सभासदत्व महिन्याच्या हिशेबाने स्वस्त पडत असूनही यंदा मी केवळ तिमाही सभासदत्व घेतले आहे.

कोर्टाचा पृष्ठभाग, जाळी, दिवे आणि भाड्याने मिळणारी पॅडल (या खेळाच्या बॅट) यांबद्दल मी लिहीत नाही. या गोष्टी शहरातल्या बहुतेक नव्या केंद्रांवर साधारण सारख्याच आहेत आणि खेळणाऱ्यांना त्या ठाऊक आहेत. केंद्राकेंद्रांतला फरक वेळापत्रकात असतो, आणि त्याविषयी कोणी लिहिताना दिसत नाही.

आमचे केंद्र वर्धा रोडच्या बाजूला, एका जुन्या टेनिस कोर्टाच्या जागेवर आहे. टेनिसला भोवतालच्या मोकळ्या जागेसह ६० बाय १२० फूट लागतात आणि पिकलबॉलच्या एका कोर्टाला किमान ३० बाय ६० फूट. त्यामुळे चार कोर्टे बरोबर बसतात, पण मध्ये वीतभरही जागा शिल्लक राहत नाही. याचा वेळापत्रकाशी थेट संबंध आहे, तो पुढे सांगते.

सर्वांत आधी स्लॉटच्या सीमेविषयी लिहायला हवे, कारण माझ्या मते सगळ्या वेळापत्रकाचे मर्म तिथे आहे. गेल्या दिवाळीनंतर मी सभासद झाले, तेव्हा स्लॉट सहा ते सात, सात ते आठ असे एकाला एक लागून होते. कागदावर ही रचना नीटनेटकी दिसते. प्रत्यक्षात सात वाजता आधीच्या गटाचा गेम ९-९ वर आलेला असतो, आणि ११ गुणांच्या गेममध्ये दोन गुणांची आघाडी लागत असल्यामुळे तो कधी संपेल हे कोणालाच सांगता येत नाही. अशा वेळी कोणी पॅडल खाली ठेवून निघून जाईल अशी अपेक्षा करणेही योग्य नाही. पुढचा गट जाळीबाहेर उभा राहतो, मग आत येतो, पाण्याच्या बाटल्या ठेवतो, हातपाय मोकळे करतो, आणि तासाच्या पैशांत पन्नास मिनिटेसुद्धा खेळ होत नाही. एका गटाला झालेला उशीर पुढच्या प्रत्येक गटाकडे सरकतो, आणि सकाळच्या शेवटच्या गटाला त्याची सर्वांत जास्त झळ लागते. यावरून चांगल्या ओळखीच्या माणसांमध्ये कटुता आलेली मी पाहिली आहे.

संक्रांतीनंतर केंद्राने ही पद्धत बदलली. आता स्लॉट ५५ मिनिटांचा असतो. ५० व्या मिनिटाला घंटा होते, तिच्यानंतर नवा गेम सुरू करायचा नसतो, चालू गेम पुढच्या पाच मिनिटांत संपला नाही तर जी जोडी गुणांत पुढे असेल ती विजयी धरली जाते, आणि तासाची शेवटची पाच मिनिटे कोर्ट रिकामे राहते. त्या पाच मिनिटांत कर्मचारी उघड्या कोर्टावर रबरी वायपर फिरवतो. डिसेंबर-जानेवारीतल्या दहिवराच्या दिवसांत ही गोष्ट अत्यावश्यक आहे, कारण ओल्या पृष्ठभागावर किचनकडे, म्हणजे जाळीलगतच्या पट्ट्याकडे, धावताना पाय सरकतो, आणि आमच्या वयाच्या माणसांना ते परवडणारे नाही.

सुरुवातीला मी या बदलाला लेखी विरोध केला होता. पैसे तासाचे आणि खेळ ५५ मिनिटांचा, हे मला मान्य नव्हते. त्या प्रमाणात दर कमी करावा अशी माझी मागणी होती. दर कमी झाला नाही. परंतु काही महिने ही पद्धत वापरल्यावर माझे मत बदलले. आता मिळणारी ५५ मिनिटे पूर्णपणे आपली असतात. वेळेवर आत जाता येते, वेळेवर बाहेर पडता येते, आणि घड्याळावरून कोणाशी बोलावे लागत नाही. या एका सुधारणेसाठी मी केंद्राचे मनापासून कौतुक करते. तरीही दरफलकावर अजून 'प्रति तास' असे लिहिलेले आहे, ते 'प्रति ५५ मिनिटे' असे करावे ही माझी मागणी कायम आहे. जे विकले जाते तेच फलकावर असायला हवे, आणि तेवढा बदल करायला खर्चही येत नाही.

या ५५ मिनिटांचा आणखी एक लाभ पाच जणांच्या गटांना झाला. नागपुरात सकाळी खेळणाऱ्या गटांत चौघे ठरलेले असले, तरी पाचवा कोणीतरी हमखास येतोच, आणि मग कोणी किती वेळ बसायचे हा प्रश्न उभा राहतो. मी शाळेत गणित शिकवत असे. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर किती सुबक आहे हे मला ठाऊक होते. पाच जणांच्या एकूण जोड्या दहा होतात आणि एका गेममध्ये दोन जोड्या खेळतात, म्हणजे पाच गेममध्ये प्रत्येक जण प्रत्येकाबरोबर एकदा जोडीने खेळतो आणि प्रत्येक जण फक्त एकदा बसतो. पहिला बसेल तेव्हा दुसरा-पाचवा विरुद्ध तिसरा-चौथा. दुसरा बसेल तेव्हा पहिला-तिसरा विरुद्ध चौथा-पाचवा. तिसरा बसेल तेव्हा दुसरा-चौथा विरुद्ध पहिला-पाचवा. चौथा बसेल तेव्हा तिसरा-पाचवा विरुद्ध पहिला-दुसरा. आणि पाचवा बसेल तेव्हा पहिला-चौथा विरुद्ध दुसरा-तिसरा. दहा मिनिटांचे पाच गेम आणि मध्ये चार वेळा एकेक मिनिट धरले, तर ५४ मिनिटे होतात. आठ जणांसाठी दोन कोर्टांवर सात फेऱ्यांत हेच साधते. सलग दोन स्लॉट घेतले की मधली पाच मिनिटेही आपल्याला मिळतात, म्हणजे ११५ मिनिटे, आणि १५ मिनिटांच्या सात फेऱ्या मधल्या सहा मिनिटांसह १११ मिनिटांत पूर्ण होतात. केंद्रातल्या तरुण समन्वयकाने ही दोन्ही कोष्टके मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक कोर्टाच्या जाळीवर लावली. अशी तत्परता मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

ओपन प्लेची, म्हणजे स्वतःचा गट नसलेल्यांनीही येऊन आळीपाळीने खेळण्याच्या वेळेची, व्यवस्था मात्र बरेच दिवस अडखळत होती. पॅडल रॅकमध्ये ज्या क्रमाने लावली जातात त्या क्रमाने चौघांनी आत जायचे, ही पद्धत ठीक आहे. पण पूर्वी जिंकणारी जोडी कोर्टावरच राहत असे. त्यामुळे चांगले खेळणारे तासभर आत आणि नवशिके तासभर बाकावर, असे चित्र दिसे. जे शिकायला येतात त्यांनाच सर्वांत कमी खेळायला मिळावे, हे मला अत्यंत चुकीचे वाटत होते. आता गेम संपला की चौघेही बाहेर येतात. दोन कोर्टांवर सोळा जण असले, तर एक गेम खेळायचा आणि एक गेम थांबायचे असा सरळ हिशेब राहतो.

आता कोर्टांच्या जवळिकीचा मुद्दा. चारही कोर्टे एकमेकांना लागून असल्यामुळे एका कोर्टावरचा चेंडू सतत शेजारच्या कोर्टावर जातो, आणि नवशिक्यांचे चेंडू साहजिकच अधिक जातात. असे असताना शनिवारी सकाळी मुलांचा प्रशिक्षण वर्ग दुसऱ्या कोर्टावर आणि स्पर्धेची तयारी करणाऱ्यांचे सामने पहिल्या व तिसऱ्या कोर्टांवर ठेवले जातात. दर दोन-तीन रॅलींमागे खेळ थांबवावा लागतो. मागे सरकणाऱ्या खेळाडूच्या पायाखाली चेंडू येऊन गंभीर दुखापत होऊ शकते, म्हणून ही केवळ गैरसोय म्हणून सोडून देण्याजोगी बाब नाही. वर्ग कडेच्या कोर्टावर हलवला आणि त्याच्या शेजारी ओपन प्ले ठेवला, तर एक पैसाही खर्च न करता हा धोका बराच कमी होईल. हे मी तोंडी आणि लेखी दोन्ही प्रकारे सांगितले आहे. वेळापत्रक करणारा माणूस कोर्टाचा क्रमांक पाहतो, पण त्याच्या शेजारी काय चालले आहे ते पाहत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

उन्हाळ्याचा अनुभव संमिश्र आहे. मे महिन्यात नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्योदय होतो, तर जानेवारीत जवळपास पावणेसातनंतर. तरीही केंद्र बारा महिने सहालाच उघडत असे. आम्ही काही जणांनी विनंती केल्यावर एप्रिलच्या मध्यापासून ते पाचला उघडू लागले. उन्हापूर्वीचा तो एक तास मिळाल्याने आमचा उन्हाळा वाया गेला नाही. याउलट महिला आणि ज्येष्ठांसाठीचा सवलतीचा वेळ वर्षभर अकरा ते एक असाच ठेवलेला आहे. हिवाळ्यात ही वेळ उत्तम असते. मात्र वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याखालच्या कोर्टावर उभे राहणेसुद्धा प्रकृतीला घातक ठरू शकते. प्लास्टिकचा चेंडूही उष्णतेने मऊ पडून नीट उसळत नाही. ज्या वेळी कोणी येऊ शकत नाही त्या वेळेला दिलेली सवलत ही सवलत नसते. एप्रिल ते जून हा वेळ सकाळी साडेआठपूर्वी ठेवावा, मग सवलत थोडी कमी केली तरी माझी हरकत नाही.

अ‍ॅपमधली सुट्ट्यांची यादी बाहेरून तयार होऊन आलेली असावी, कारण तीत तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा आमच्याकडचा मुलांचा सण, नव्हता. त्या दिवशी शहरातल्या शाळा बंद होत्या, मुले मोकळी होती, आणि केंद्राचे वेळापत्रक नेहमीच्या कामाच्या दिवसाचेच राहिले. डिसेंबरमध्ये विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनामुळे सिव्हिल लाईन्स आणि सीताबर्डीकडून येणारे अडकतात, तेव्हाही दहा मिनिटे उशीर झाला की बुकिंग रद्द, हा नियम तसाच लागू होतो. स्थानिक माणसाने वर्षातून एकदा दिनदर्शिका समोर ठेवून ही यादी तपासली पाहिजे.

सायंकाळी सात ते नऊ ही वेळ बहुतेक मिहानकडच्या (विमानतळाजवळच्या उद्योग-पट्ट्यातल्या) नोकरदारांच्या मासिक बुकिंगने भरलेली असते. त्यांचे नियमित उत्पन्न केंद्राला आवश्यक आहे, हे मला समजते. पण ज्याचा स्वतःचा गट नाही, अशा माणसाला कामावरून आल्यावर खेळायला जागाच राहत नाही. दिवाळीनंतर मंगळवारी आणि गुरुवारी सायंकाळी एक कोर्ट ओपन प्लेसाठी राखून ठेवण्याचे आश्वासन समन्वयकाने दिले आहे. तोपर्यंत सायंकाळी खेळू इच्छिणाऱ्यांनी दुपारी तीनच्या सुमारास अ‍ॅप उघडून पाहावे. मासिक गटांनी त्या दिवसापुरते सोडलेले स्लॉट तेव्हा खुले होतात आणि ते थोड्याच वेळात संपतात.