गाडीच्या फ्यूजची डबी: टेस्टर झकास, फ्यूज मात्र बदलून घ्या

ऑनलाइन मिळणारी ब्लेड फ्यूजची, म्हणजे गाडीत बसणाऱ्या दोन चपट्या पायांच्या फ्यूजची, तयार डबी मी गेल्या पावसाळ्यापासून वापरते आहे. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवते, म्हणून दोन डब्या मागवल्या, एक गाडीसाठी आणि एक मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी. निकाल आधीच सांगते. डबीतला टेस्टर मला मनापासून आवडला आणि डबीतल्या फ्यूजवर माझा विश्वास नाही. खरेदीच्या पानावर पाच-पाच तारे दिसतात, पण तारे देणाऱ्यांनी 'फ्यूज बसवला, दिवा लागला' एवढंच पाहिलंय. फ्यूजचं खरं काम दिवा लावणं नसून वेळेवर वितळणं आहे, आणि ते कुणी तपासलेलं दिसत नाही.

डबी दोनशे रुपयांच्या आतबाहेर मिळते. पारदर्शक प्लॅस्टिक, आत कप्पे, झाकण घट्ट बसतं. मोठे आणि मिनी अशा दोन मापांचे फ्यूज आहेत. रंग सगळीकडे चालतात तेच: ५ अँपिअर फिकट तपकिरी, ७.५ गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा पारदर्शक, ३० हिरवा. मोबाइलच्या टॉर्चमध्ये ५ आणि ७.५ चे रंग एकमेकांत मिसळतात, त्यामुळे माथ्यावरचा आकडा वाचूनच फ्यूज उचलावा. सोबत प्लॅस्टिकचा चिमटा आणि पेनासारखा टेस्टर येतो. टेस्टरच्या टोकाला टोचणी, मागे वायर आणि मगर-क्लिप, पोटात एलईडी.

या टेस्टरनं पासरणी घाटात आमची मोठी सोय केली. पाचगणीहून वाईकडे उतरत होतो. धुकं आणि बारीक पाऊस. एका वळणावर गाड्या तुंबल्या, तेव्हा मागच्या गाडीतले काका काच खाली करून म्हणाले, "ताई, तुमचे ब्रेक लाइट लागत नाहीत बरं का, एकही नाही." घाटउतारावर, तेही धुक्यात, हे फार वाईट. पुढे रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली आणि चारी इंडिकेटर लावले.

डावा, उजवा आणि वरचा, असे तिन्ही दिवे एकदम गेले की बल्बवर संशय घेण्यात अर्थ नसतो. आधी फ्यूज बघायचा, मग पेडलवरचा स्विच. आमच्या गाडीत एक फ्यूजबॉक्स स्टिअरिंगखाली उजव्या हाताला आहे आणि दुसरा बॉनेटखाली बॅटरीशेजारी. कुठला फ्यूज कशाचा, त्याचा नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूला असतो. तो नसेल तर गाडीच्या पुस्तकात सापडतो. 'स्टॉप' असं लिहिलेला १० अँपिअरचा लाल फ्यूज शोधला. एरवी लोक इथे एकेक फ्यूज उपसून उजेडात धरतात. त्याची गरज नाही. ब्लेड फ्यूजच्या माथ्यावर आकड्याच्या दोन बाजूंना दोन बारीक खाचा असतात आणि त्यांत धातू उघडा दिसतो. त्या तपासणीसाठीच ठेवलेल्या आहेत. मगर-क्लिप दाराच्या बिजागरीच्या उघड्या बोल्टला लावली आणि टोचणी आधी एका खाचेला, मग दुसऱ्या खाचेला टेकवली. दोन्हीकडे एलईडी लागला तर फ्यूज शाबूत. एकीकडे लागला, दुसरीकडे नाही, तर उडालेला. दोन्हीकडे नाही, तर फ्यूजपर्यंत वीजच येत नाहीये, किल्ली फिरवून पुन्हा बघायचं. आमचा एकीकडेच लागला. सासूबाई छत्री धरून उभ्या होत्या, त्यांनाही एका नजरेत कळलं.

नवा १० चा फ्यूज बसवला आणि सासूबाईंना पेडल दाबायला सांगितलं, तर तोही उडाला. नवा फ्यूज लागलीच उडतो तेव्हा वायर कुठेतरी बॉडीला टेकलेली असते. अशा वेळी रस्त्यावरचा कुणीतरी हमखास सांगतो, "२० चा टाका, टिकेल." कुणी तांब्याची तार गुंडाळून देतो. कृपा करून ऐकू नका. फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी नसतो, तो वायरला वाचवण्यासाठी असतो. वायर १० अँपिअरच्या हिशोबानं बारीक ओढलेली असते. तिथे २० चा फ्यूज टाकला की फ्यूजच्या आधी वायर तापते, तिचं आवरण वितळतं आणि ते गालिच्याखाली किंवा पत्र्याच्या आत, जिथे आपल्याला दिसत नाही तिथे. गाड्या पेटतात त्या अशा.

हॅचबॅकमध्ये अशा शॉर्टसाठी पहिली बघायची जागा म्हणजे डिकीच्या दाराची बिजागरी. तिथल्या रबरी नळीतून वरच्या ब्रेक लाइटची वायर दारात जाते आणि दार उघड-मीट करताना प्रत्येक वेळी वाकते. नळी मागे सरकवली तर एका वायरचं आवरण सोलून तांबं उघडं पडलं होतं, आणि पत्र्याच्या कडेवर बारीक काळा डाग होता. वायर पुसून टेप गुंडाळली, पुन्हा १० चाच फ्यूज बसवला, तिन्ही दिवे लागले. वाईत उतरल्यावर वायरमनकडून तेवढा तुकडा बदलून घेतला.

इथपर्यंत डबीला पैकीच्या पैकी गुण द्यावेत असंच कुणालाही वाटेल. मलाही फ्यूज चांगले वाटले असते, पण असा सरळ शॉर्ट होतो तेव्हा एवढा प्रचंड करंट वाहतो की फ्यूजच्या आतली धातूची पत्री कसलीही असली तरी वितळते. फ्यूजची परीक्षा होते ती ओव्हरलोडला. वायपरची मोटर अडकते, किंवा सॉकेटला हवा भरायचा पंप लावतो आणि तो जास्त करंट ओढत राहतो, तेव्हा. आयएसओ ८८२०-३ या मानकाप्रमाणे बनवलेल्या चांगल्या ब्लेड फ्यूजनं त्याच्यावरच्या आकड्याच्या दुप्पट करंटला ५ सेकंदांच्या आत तुटायला हवं, आणि १३५ टक्के करंटला १० मिनिटांच्या आत.

म्हणून दुसरी डबी आमच्या वर्कशॉपमध्ये तपासली. सोपी मांडणी आहे: १२ व्होल्टची बॅटरी आणि हेडलाइटचा जुना ६०/५५ वॉटचा बल्ब, दोन्ही फिलामेंट एकदम जोडलेली. क्लॅम्प मीटरवर, म्हणजे वायरीभोवती अडकवून करंट मोजायच्या मीटरवर, आकडा दहाच्या आसपास दिसतो, म्हणजे ५ अँपिअरच्या फ्यूजला साधारण दुप्पट. आधी गाडीच्या कंपनीच्या स्पेअर्स काउंटरवरून आणलेला सुटा ५ चा फ्यूज लावला. बल्ब लागला आणि 'टक' होऊन विझला. मग डबीतला ५ चा लावला. बल्ब लागला तो लागलाच. मुलं मोठ्यानं सेकंद मोजत होती. पाच झाले, दहा झाले, तीस झाले. फ्यूजचं तपकिरी प्लॅस्टिक आधी चकाकलं, मग माथ्यावरचा आकडा किंचित तिरका झाला, जळकट वास यायला लागला, तरी आतली पत्री अखंड. शेवटी मीच स्विच बंद केला. त्याच कप्प्यातला दुसरा लावला तर तो मात्र वेळेत तुटला. हे मला जास्त धोक्याचं वाटतं. सगळे सारखे वाईट असते तर ओळखता आले असते. इथे हाताला कुठला लागेल याचा भरवसा नाही. डबीवर कुठल्याही मानकाचा उल्लेख नाही आणि फ्यूजवर कंपनीचं नावही नाही.

बाकी तक्रारी लहान आहेत. चिमटा मोठ्या फ्यूजला नीट धरतो, मिनीवरून घसरतो; फ्यूजबॉक्सच्या झाकणात बहुतेक गाड्यांना कंपनीचा चिमटा दिलेला असतो, तो जास्त चांगला. बऱ्याच नव्या गाड्यांत लो-प्रोफाइल मिनी फ्यूज असतात, ज्यांचे पाय अंगाच्या खाली जवळजवळ दिसतच नाहीत. ते या डबीत नाहीतच. घेण्याआधी आपल्या गाडीतला एक फ्यूज काढून चित्राशी ताडून बघा. टेस्टरची वायर अजून हातभर लांब हवी होती. आणि एक सूचना डबीच्या कागदावर नाही, ती मी लिहिते: एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला आणि कनेक्टरला टेस्टर लावायचा नाही.

माझ्या गाडीत सध्या डबी तीच आहे, टेस्टर तोच आहे, कप्प्यांतले फ्यूज मात्र सगळे बदललेत. स्पेअर्सच्या काउंटरवर नावाजलेल्या कंपनीचा सुटा फ्यूज दहा-वीस रुपयांत मिळतो. आपल्या गाडीच्या फ्यूजबॉक्समध्ये जे आकडे आहेत तेवढेच घ्यावेत, १० आणि १५ चे जास्त. पुण्याला जाणं होत असेल तर नाना पेठेत सगळी मापं मिळून जातात. टेस्टरला साडेचार तारे, डबीला चार, फ्यूजला एकही नाही. विकणाऱ्यांनी हाच टेस्टर लांब वायरीसह सुटा विकला तर वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी मी एकेक घेईन.