रिसेट अर्ध्यात अडकलं. आता विंडोज कुठून टाकायचं?

"मामा, माझा प्रोजेक्ट गेला का?" भाचीचा फोन आला तो असा. लॅपटॉप सुरू होईना म्हणून तिने स्वतःच 'रिसेट धिस पीसी', म्हणजे विंडोज नव्याने बसवणारी सोय, लावली होती. दोन तास टक्के वाढत गेले आणि शेवटी एकच ओळ आली: रिसेट करताना अडचण आली, कोणताही बदल झालेला नाही. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. अशा वेळी चार जण चार सल्ले देतात: क्लाउड डाउनलोड कर, कंपनीची रिकव्हरी चालव, पेनड्राइव्हने कोरं विंडोज टाक, दुकानात जाऊन फॉरमॅट मारून आण. चारही मार्ग मी घरच्या आणि शेजारच्या लॅपटॉपांवर पाहिले आहेत. कोणता कधी निवडायचा, ते सांगतो.

आधी रिसेट का फसतं, ते पाहू. लॅपटॉपमधली रिकव्हरी, म्हणजे दुरुस्तीची सोय, त्याच डिस्कच्या एका छोट्या पार्टिशनमध्ये (वेगळ्या कप्प्यात) असते. 'लोकल रीइन्स्टॉल' निवडलं की नवं विंडोज तुमच्याच जुन्या विंडोजच्या फायलींमधून उभं राहतं. त्या फायली बिघडलेल्या असतील तर औषधही त्याच आजारी माणसाकडून मागितल्यासारखं होतं. कधी ते पार्टिशनच अपुरं पडतं. जानेवारी २०२४ मधलं रिकव्हरीचं एक अपडेट अनेकांकडे लागेना, कारण त्याला तिथे २५० एमबी मोकळी जागा हवी होती. आणि कधी दोष थेट मायक्रोसॉफ्टचा असतो: १२ ऑगस्ट २०२५ च्या सुरक्षा अपडेटने विंडोज १० आणि विंडोज ११ च्या जुन्या आवृत्त्यांवर रिसेटच मोडलं. आठवड्याभरात, १९ ऑगस्टला, दुरुस्तीचं खास अपडेट काढावं लागलं. म्हणून रिसेट फसलं की 'माझंच काहीतरी चुकलं' असं मनाला लावून घेऊ नका.

मार्ग निवडण्याआधी दोन गोष्टी करायच्याच. पहिली, बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, किल्ली. आजकालच्या बहुतेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असते आणि ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. मोबाइलवरून खातं उघडा आणि ती कागदावर उतरवून घ्या. ती नसेल तर नवं विंडोज टाकता येईल, पण जुना डेटा परत मिळणार नाही. दुसरी गोष्ट, डेटा बाहेर काढणं. विंडोज सुरू होत नसलं तरी रिकव्हरीच्या निळ्या पडद्यावर कमांड प्रॉम्प्ट मिळतो. तिथे 'नोटपॅड' टाइप करा, फाइल मेनूतून 'ओपन' घ्या, खाली 'ऑल फाइल्स' निवडा. समोर आलेल्या खिडकीतून फोल्डर कॉपी करून पेनड्राइव्हवर पेस्ट करता येतात. भाचीचा प्रोजेक्ट असाच वाचला. डेटा फार असेल तर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टिमचा लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणारा, पेनड्राइव्ह जास्त सोयीचा. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर तिथेही तीच किल्ली लागते.

आता निवड. विंडोज अजून सुरू होत असेल, फक्त रिसेट फसत असेल, तर वरच्या चारांपैकी एकही मार्ग धरू नका. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे 'फिक्स प्रॉब्लेम्स युझिंग विंडोज अपडेट' असं एक बटण आहे. ते विंडोज नव्याने टाकतं आणि तुमच्या फायली, प्रोग्राम, सेटिंग सगळं जागेवर ठेवतं. हा मार्ग फार कमी लोकांना माहीत आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं. या बटणाने सुटला असता असा लॅपटॉप फॉरमॅट झालेला मी पाहिला आहे.

विंडोज सुरूच होत नसेल तर पहिली तुलना क्लाउड डाउनलोड आणि लोकल रीइन्स्टॉलची. लोकलला नेट लागत नाही, पण ते एकदा फसलं की पुन्हा पुन्हा लावण्यात अर्थ नाही. क्लाउड डाउनलोड ताज्या फायली मायक्रोसॉफ्टकडून आणतं, त्यामुळे बिघडलेल्या फायलींचा प्रश्न सुटतो. मात्र ४ जीबीहून जास्त डेटा जातो. रोज दीड-दोन जीबीचा मोबाइल पॅक असेल तर ते अर्ध्यात थांबणार. घरी ब्रॉडबँड असेल तर एकदा जरूर करून पाहा. रिकव्हरीच्या पडद्यावर वायफाय दिसत नसेल तर राउटरची केबल थेट लॅपटॉपला जोडा. पण रिकव्हरी पार्टिशनच बिघडलं असेल तर हाही मार्ग बंद.

कंपनीची रिकव्हरी वेगळी. एचपीमध्ये सुरू होतानाच एफ११ दाबलं की ती उघडते. ती गेली असेल तरी एचपी, डेल, लेनोवो या कंपन्या दुसऱ्या संगणकावरून, तुमच्या लॅपटॉपच्या सीरियल किंवा प्रॉडक्ट नंबरनुसार, रिकव्हरीचा पेनड्राइव्ह बनवायची सोय देतात. फायदा मोठा आहे: वायफाय, टचपॅड, फिंगरप्रिंट यांचे सगळे ड्रायव्हर (ते भाग चालवणारी सॉफ्टवेअर) पहिल्याच दिवशी जागेवर. तोटे असे की ट्रायल अँटिव्हायरस आणि नको ते प्रोग्राम परत येतात, विंडोज बहुधा जुन्या आवृत्तीचं असतं आणि पुढचे काही तास अपडेटमध्ये जातात. शिवाय अनेकदा ती पूर्ण डिस्क पुसते, डी ड्राइव्हसकट. ज्याला ड्रायव्हर शोधत बसण्याची धास्ती वाटते आणि ज्याचा डेटा बाहेर निघालेला आहे, त्याने हाच मार्ग घ्यावा.

माझी स्वतःची पसंती कोऱ्या विंडोजला. ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि विंडोज असलेला दुसरा संगणक एवढंच लागतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवायचं. बाकी काम ते करतं. लायसन्ससाठी एक रुपयाही द्यायचा नाही. विंडोज ७ च्या काळी लायसन्स-की लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवर असायची. विंडोज ८ पासून ती मदरबोर्डच्या चिपमध्येच असते. इन्स्टॉलर ती स्वतः वाचतो आणि तुमची एडिशन, आपल्याकडे बहुतेक वेळा होम सिंगल लँग्वेज, ओळखतो.

या मार्गावर एक खड्डा मात्र मोठा आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या आणि त्यानंतरच्या अनेक लॅपटॉपवर, विंडोज कुठे टाकायचं हे विचारणाऱ्या पडद्यावर डिस्कच दिसत नाही, यादी रिकामी. लोकांना वाटतं एसएसडी गेली. एसएसडी ठणठणीत असते. इंटेलच्या व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे ती लपलेली असते. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर आधीच उतरवून त्याच पेनड्राइव्हवर उघडून ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर'मधून तो दाखवा. डिस्क हजर होते. भाचीकडे नेमकं हेच झालं, आणि अर्धा तास आम्ही दोघं हवालदिल होतो. यादी दिसल्यावर घाईने सगळी पार्टिशन उडवू नका, डी ड्राइव्ह त्यातच असतो. इन्स्टॉल झाल्यावर वायफाय दिसत नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट मिळतं.

दुकानातला मार्ग वाईट नाही, पण तिथे एक वाक्य ठामपणे बोला: "मूळ एडिशनच टाका, प्रो नको." क्रॅक केलेलं प्रो टाकून दिलं तर तुम्ही विकत घेतलेलं लायसन्स वाया जातं आणि कुठला तरी अनोळखी अ‍ॅक्टिव्हेटर तुमच्या बँकेच्या पासवर्डशेजारी राहायला येतो. लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिसही तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असतं. त्याच खात्याने परत मिळतं, दुसरं घालून घेऊ नका.

जुना लॅपटॉप, म्हणजे इंटेलची सातवी पिढी किंवा त्याआधीची, असेल तर विचार वेगळा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ तिथे अधिकृतपणे चालत नाही. फक्त ब्राउझर, व्हिडिओ आणि लिखाण एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट टाका. टॅली किंवा श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) अशा विंडोजच्या प्रोग्रामवर पोट असेल तर नको.

मराठीत काम करणाऱ्यांनी फॉरमॅटआधी फॉन्टचं पाहावं. श्रीलिपी किंवा आयएसएम या टायपिंग सॉफ्टवेअरमधली जुनी कागदपत्रं त्यांचे फॉन्ट नसतील तर निरर्थक अक्षरांची रांग दिसतात. सेटअप आणि लायसन्सचे तपशील आधी शोधून ठेवा. कोऱ्या विंडोजमध्ये मंगल फॉन्टही नसतो. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की तो येतो.

भाचीच्या लॅपटॉपवर सगळं बसल्यावर शेवटी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि 'रीएजंटसी' ही कमांड 'इन्फो' जोडून चालवली. रिकव्हरी 'एनेबल्ड' दिसली, तेव्हा लॅपटॉप तिच्या हातात दिला. पेनड्राइव्ह तिच्याच बॅगेत ठेवला आहे, वर चिठ्ठी चिकटवून: विंडोज, पुसू नये.