पीआयटी : हिरव्या टेस्टची उलटतपासणी

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या प्रकल्पात सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, आणि कव्हरेज नव्वद टक्क्यांच्या पुढे असले की रिलीजला सहसा हरकत घेतली जात नाही. मात्र कोणती ओळ चालली एवढेच कव्हरेज सांगते. तिचा निकाल कोणी पडताळला का, हे त्यातून कळत नाही. एकही असर्शन, म्हणजे निकाल पडताळणारी ओळ, नसलेली टेस्ट पास होते. अपेक्षित एक्सेप्शन (कोडने दिलेला चुकीचा इशारा) आलेच नाही आणि तो पकडणाऱ्या ट्राय-कॅचमध्ये ‘फेल’ लिहायचे राहून गेले, तरी ती पासच होते. असे खोटे पास उघडे पाडण्यासाठी पीआयटी हे मुक्तस्रोत साधन मला सर्वांत भरवशाचे वाटते.

डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांनी १९७८ च्या लेखात मांडलेल्या म्यूटेशन टेस्टिंगच्या कल्पनेवर ते चालते. कंपाइल झालेल्या बाइटकोडमध्ये, म्हणजे जावा प्रत्यक्ष चालवते त्या कोडमध्ये, ते मुद्दाम एकेक बारीक चूक पेरते आणि त्या ओळीपर्यंत पोहोचणाऱ्या टेस्ट पुन्हा चालवते; एखादी फेल झाली तर म्यूटंट, म्हणजे ती चूक पेरलेली आवृत्ती, मेला, सगळ्या पास झाल्या तर तो जगला.

समजा, ५०० रुपये किंवा त्याहून अधिक खरेदीवर घरपोच सेवा मोफत आहे आणि टेस्ट ४०० व ६०० रुपयांच्या आहेत. कव्हरेज शंभर टक्के भरते. पीआयटी ती अट ‘५०० पेक्षा अधिक’ अशी करते, तरीही टेस्ट पास होतात आणि अहवालात ती ओळ जगलेल्या म्यूटंटसह दाखवली जाते. नेमक्या ५०० रुपयांची टेस्ट लिहिली की तो मरतो. साठा कमी करणारा मेथड कॉल (त्या कामाला बोलावणारी ओळ) काढून टाकूनही टेस्ट हिरव्याच राहिल्या, तर त्या टेस्टवर विसंबून राहणे धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

मेवन या बिल्ड करणाऱ्या (कोड जुळवून तयार करणाऱ्या) साधनामध्ये पीआयटी जोडणे सोपे आहे. टेस्ट लिहिण्याच्या जेयुनिट ५ या चौकटीसाठी मात्र वेगळे प्लगइन लागते. मोठ्या कोडवर वेळ बराच जातो, आणि वर्तनात काहीच फरक न पाडणारे म्यूटंट हाताने तपासून बाजूला काढावे लागतात, हे काम खरोखर कंटाळवाणे आहे. शिवाय टाइमआउट झालेला म्यूटंटही सापडला असेच धरले जाते, त्यामुळे अहवालातील मेलेल्या म्यूटंटची टक्केवारी जपूनच वाचावी. जो कोड लिहायचाच राहिला, त्याबद्दल पीआयटी काहीही सांगू शकत नाही.

सुरुवातीला कर, व्याज, सवलत अशा हिशेबाच्या पॅकेजपुरतेच ते चालवावे. किमान टक्केवारीची सक्ती पहिल्याच दिवशी बिल्डमध्ये घालू नये, कारण मग टेस्ट केवळ आकडा गाठण्यासाठी लिहिल्या जातात.